स्क्रीनवर टाकी ६० टक्के, आणि खाली पाणी वाहतंय

प्रश्न थोडक्यात असा आलाय: पाणी शुद्धीकरणाचा प्लांट आहे, पीएलसी (पंप-व्हॉल्व्ह चालवणारे छोटे कंट्रोलर), स्काडा (सगळा प्लांट एका जागेवरून बघायची आणि चालवायची यंत्रणा) आणि लांबच्या पंप हाऊसचे रेडिओ मोडेम सगळं आता एका नेटवर्कवर आलंय. आयटीवाल्यांनी फायरवॉल बसवली, एचएमआयच्या, म्हणजे ऑपरेटरच्या स्क्रीनच्या, पीसीवर अँटीव्हायरस टाकला. आता साहेब विचारतायत की उद्या कोणी आत शिरून सेटपॉइंट (पातळी, फ्लो किती ठेवायचा तो आकडा) बदलला किंवा सेन्सरची रीडिंग खोटी पाठवली तर आपल्याला कळणार कसं? आणि एक व्हेंडर मशीन लर्निंगचा बॉक्स विकायला मागं लागलाय, तो घ्यावा का?

मी मूळचा इन्स्ट्रुमेंटेशनवाला, केबल ग्लँड आवळण्यापासून सुरुवात केली, गेली काही वर्षं कंट्रोल सिस्टिमच्या सिक्युरिटीचंच काम करतोय. त्यामुळं माझं उत्तर आयटीवाल्यांपेक्षा थोडं वेगळं येईल.

आधी मुद्द्याचं सांगतो, पाल्हाळ नंतर. अटॅक ओळखायचा असेल तर नेटवर्कच्या आधी पाण्याकडं बघा. वायरवरचा आकडा कोणीही बदलू शकतो, पण टाकीत शिरलेलं पाणी कोणाला गायब करता येत नाही. फायरवॉल, पासवर्ड वगैरे दाराचं कुलूप झालं, ते पाहिजेच, पण चोर आत आल्यावर घरातलं काय हललं हे कुलूप सांगत नाही.

एक साधं गणित करू. समजा टाकी आतून १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे तळ १०० चौरस मीटर. आत येतंय ताशी ३६० घनमीटर, बाहेर जातंय २७०. फरक ९० घनमीटर, म्हणजे पातळी तासाला ९० सेंटीमीटर, मिनिटाला दीड सेंटीमीटर वाढलीच पाहिजे. हे गणित जुने ऑपरेटर चहा पिता पिता करतात. आता कोणीतरी लेव्हलची रीडिंग ६० टक्क्यांवर गोठवली. पंप चालूच राहणार, हाय लेव्हलचा अलार्मही येणार नाही कारण तो बिचारा त्याच रीडिंगवर बसलाय, आणि वरची मोकळी जागा ६० सेंटीमीटर असेल तर ४० मिनिटांत पाणी बाहेर.

इथं बहुतेक जण काय करतात की मोजलेली पातळी आणि गणितानं आलेली पातळी यातला फरक काढतात, याला रेसिड्युअल म्हणतात, मोठ्या सिस्टिमला हेच काम काल्मन फिल्टर नावाच्या अंदाज बांधणाऱ्या गणितानं करतात, आणि फरक ३ सेंटीमीटरच्या वर गेला की अलार्म लावतात. ३ का, तर लाटांमुळं रीडिंग तशीही एखाद सेंटीमीटर नाचत असते. ऐकायला ठीक वाटतं. पण दर मिनिटाला ताज्या रीडिंगवरून पुढचा अंदाज काढत गेलात तर फरक दर वेळी दीडच सेंटीमीटर येणार, ३ ची रेषा कधीच ओलांडली जाणार नाही, टाकी वाहून जाईल आणि तुमचा अटॅक डिटेक्टर शांत बसून राहील. हे मी प्रत्यक्ष पाहिलंय, खरं सांगायचं तर पहिल्यांदा असं लॉजिक मीच लिहिलं होतं आणि टेस्टच्या वेळी सगळ्यांसमोर तोंडावर पडलो होतो.

यावरचा उपाय १९५४ सालचा आहे, पेज नावाच्या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञानं मालाची तपासणी करण्यासाठी काढलेला, क्युसम म्हणतात त्याला. दर मिनिटाच्या फरकातून थोडी सूट वजा करायची, समजा अर्धा सेंटीमीटर, उरेल ते साठवत जायचं, साठा शून्याखाली जाऊ द्यायचा नाही, आणि तो ८ सेंटीमीटरला पोचला की घंटा. आपल्या उदाहरणात मिनिटाला १ सेंटीमीटर साठतो, म्हणजे आठव्या मिनिटाला घंटा वाजली आणि हातात ३२ मिनिटं उरली. वर आणि खाली अशा दोन्ही दिशांचे दोन वेगळे साठे ठेवायचे. उणे-अधिक आणि तुलना एवढंच काम आहे, यासाठी कुठलाही बॉक्स विकत घ्यावा लागत नाही.

सूट अर्ध्या सेंटीमीटरचीच का? दोन्ही फ्लोमीटर उलट्या दिशेनं २-२ टक्के चुकतायत असं धरा, म्हणजे ७.२ अधिक ५.४, ताशी १२.६ घनमीटर, आपल्या टाकीत मिनिटाला ०.२१ सेंटीमीटर. त्याच्या दुपटीच्या थोडं वर घेतलं की मीटरच्या नेहमीच्या चुकांनी खोटी घंटा वाजत नाही. हा आकडा पुस्तकातून उचलायचा नसतो, आपल्याच मीटरच्या कॅलिब्रेशन शीटवरून काढायचा असतो. शीट नसेल तर आधी कॅलिब्रेशन, मग सिक्युरिटी.

आता हुशार चोर म्हणेल की मी मिनिटाला अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा थोडंसं कमीच खोटं बोलतो. बरोबर आहे, क्युसम गप्प बसेल. पण मग ६० सेंटीमीटर भरायला त्याला दोन तास लागतील, आणि तोवर तुमचा तासाचा ताळा (तासाभरात गणितानं आलेली आणि मोजलेली पातळी ताडून बघणं) त्याला पकडेल, कारण मीटरच्या चुका तासाला १२.६ सेंटीमीटरच्या वर जात नाहीत, तिथं १५ ची मर्यादा लावता येते. तो आणखी हळू झाला तर शिफ्टमधे एकदा मारलेली डिप रॉड, म्हणजे टाकीत हातानं बुडवून पातळी मोजायची काठी. म्हणजे प्रत्येक जाळी चोराला आणखी हळू व्हायला लावते. शंभर टक्के पकडणारा डिटेक्टर कोणी विकत असेल तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. आपल्याला पाहिजे ते एवढंच की नुकसान होण्याआधी कुठलीतरी एक घंटा वाजावी.

यापेक्षा अवघड केस म्हणजे चोर तिन्ही रीडिंग एकमेकांशी जुळवून खोट्या पाठवतो. आत येणारं कमी दाखवलं, बाहेर जाणारं जास्त, पातळी त्याप्रमाणे. मग गणित जुळतं. हे काल्पनिक नाहीये, २००९ मधे लिऊ, निंग आणि रायटर या तिघांनी वीज ग्रिडच्या बाबतीत हे दाखवून दिलं की सिस्टिमचं मॉडेल माहीत असलेला माणूस मीटरच्या रीडिंगमधे अशी भेसळ करू शकतो की चुकीचा डेटा पकडायच्या नेहमीच्या चाचणीला काहीच वेगळं दिसत नाही. गणितानं हा प्रश्न सुटत नाही, त्याला बाहेरचा साक्षीदार लागतो. पंपाच्या मोटरचा करंट घ्या. पंप पाणी ढकलतोय का, किती ढकलतोय, हे ॲम्पिअरवरून बऱ्यापैकी कळतं. एनर्जी मीटर बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रिकलवाल्यांच्या वेगळ्या सिस्टिमवर असतो, आणि खात्यांच्या या भांडणाचा इथं चक्क फायदा होतो, कारण चोराला आता दोन नेटवर्कमधे शिरावं लागतं. तसंच एक साधा फ्लोट स्विच, पीएलसीला न जोडता थेट पंपाच्या स्टार्टरच्या कंट्रोल सर्किटमधे टाकलेला. त्याला आयपी ॲड्रेस नाही, त्यामुळं त्याच्याशी इंटरनेटवरून कोणी बोलू शकत नाही. तुमच्या बजेटमधली पहिली खरेदी हीच करा.

स्टक्सनेट या मालवेअरचं नाव सगळ्यांनी ऐकलंय, पण त्यातली डिटेक्शनच्या कामाची गोष्ट फार कमी लोक सांगतात. तो २०१० च्या जूनमधे बेलारूसमधल्या एका छोट्या अँटीव्हायरस कंपनीला सापडला. इराणच्या नतांझमधे युरेनियमच्या सेंट्रिफ्यूजवर तो सोडला होता आणि त्यात दोन वेगळी हत्यारं होती. एक मोटरचा वेग ठरवणाऱ्या ड्राइव्हची फ्रिक्वेन्सी बदलायचं, नेहमीच्या १०६४ हर्ट्झवरून १४१० पर्यंत थोडा वेळ, मग काही आठवडे गप्प, मग एकदम २ हर्ट्झपर्यंत खाली आणि परत जागेवर. दुसरं सीमेन्सच्या एस७-४१७ कंट्रोलरवरचं, ते जास्त लबाड होतं. त्यानं आधी सेन्सरच्या २१ सेकंदांच्या चांगल्या रीडिंग रेकॉर्ड केल्या आणि अटॅक चालू असताना त्याच पुन्हा पुन्हा फिरवून दाखवल्या. ऑपरेटर स्क्रीनवर बघतोय तर सगळं आलबेल.

आता तुम्ही इन्स्ट्रुमेंटेशनचे असाल तर तुमच्या डोक्यात लगेच यायला पाहिजे की खरा सेन्सर स्वतःची नक्कल कधीच करत नाही. खऱ्या रीडिंगमधे नॉइज, म्हणजे बारीक थरथर, असतो, आणि तोच नॉइज २१ सेकंदांनी तंतोतंत परत येणं शक्य नाही. एका टॅगचा, म्हणजे एका सेन्सरच्या रीडिंगचा, डेटा घ्या, तो स्वतःशीच थोडाथोडा सरकवून जुळवून बघा, कुठल्याही एका अंतरावर जवळपास शंभर टक्के जुळला तर काहीतरी गडबड आहे. आणि रीडिंग अगदी सपाट झाली तर तर नक्कीच. नॉइज म्हणजे सेन्सरचा श्वास, तो थांबला की कोणीतरी जाऊन बघायला पाहिजे.

याचा एक स्वतःचा किस्सा सांगतो. एका ठिकाणी मी लेव्हल ट्रान्समीटरच्या नॉइजवर असा पहारा लावला होता आणि तिसऱ्याच दिवशी रात्री साडेअकराला फोन, सर, नॉइज गेला. धावत गेलो. सगळे पॅकेट बघितले, पीएलसीचा प्रोग्राम ताडून बघितला, काही नाही. सकाळी कळलं की मेंटेनन्सच्या एका पोरानं हार्ट कम्युनिकेटर (ट्रान्समीटरची सेटिंग बदलायचं हातातलं यंत्र) लावून डॅम्पिंग, म्हणजे रीडिंग गुळगुळीत करणारी सेटिंग, वाढवून ठेवलं होतं, कारण ट्रेंड फार थरथरतोय अशी ऑपरेटरची तक्रार होती. म्हणजे अटॅक नव्हता. पण मला राग आला नाही, उलट बरं वाटलं, कारण कोणीही लॉगशीटमधे न लिहिता केलेला बदल चोवीस तासांच्या आत पकडला गेला होता. तुमच्याकडं येणारे बहुतेक अलार्म असेच निघणार आहेत. बिघाड, विसरभोळेपणा, परस्पर केलेली दुरुस्ती. त्यांना खोटे अलार्म म्हणून वैतागू नका, त्यातला निम्मा माल मेंटेनन्सला हवाच असतो.

जुन्या रीडिंग फिरवून दाखवण्याच्या अटॅकवर २००९ मधे मो आणि सिनोपोली यांनी एक छान उपाय मांडला, फिजिकल वॉटरमार्किंग. कंट्रोलरच्या आउटपुटमधे आपण मुद्दाम एक छोटी, फक्त आपल्यालाच माहीत असलेली रँडम थरथर मिसळायची आणि ती सेन्सरमधे परत उमटते का ते बघायचं. जुनं रेकॉर्डिंग चालू असेल तर आजची थरथर त्यात दिसणार नाही. लग्नात व्याही ओळखीचे आहेत का बघायला मुद्दाम एखादी जुनी आठवण काढून बघतात ना, तसंच. फुकट मात्र नाही, लूप थोडा बिघडतो, व्हॉल्व्ह झिजतो, आणि प्रॉडक्शनवाले तुमच्या नावानं शिमगा करतात. पाण्याच्या प्लांटमधे लूप संथ असतात, त्यामुळं मी सतत थरथर न ठेवता दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी वेगळ्या वेळेला, इनलेट व्हॉल्व्ह एक-दोन टक्के हलवून फ्लो हलतो का एवढंच बघतो. चालतं ते.

आता नेटवर्ककडं येऊ, आणि तिथं सुद्धा माझा आवडता किस्सा २००० सालचा आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधे मरूची शायर नावाच्या भागात सांडपाण्याचे पंप रेडिओवरून चालायचे. अचानक पंप हवे तेव्हा चालेनात, अलार्म सेंट्रल कॉम्प्युटरपर्यंत पोचेनात. सगळ्यांना आधी वाटलं नवीन सिस्टिमचे नेहमीचे त्रास. मग सिस्टिम बसवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरनं रेडिओवरचा एकेक मेसेज रेकॉर्ड करायला सुरुवात केली आणि त्याला दिसलं की पंप स्टेशन १४ च्या नावानं विचित्र कमांड येतायत. त्या स्टेशनमधे तर सगळं ठीक होतं. मग त्यानं काय केलं, खऱ्या १४ नंबरच्या स्टेशनचा ओळख क्रमांक बदलून ३ केला. आता १४ च्या नावानं जे काही येईल ते शंभर टक्के बनावट. बास. ना एआय, ना बॉक्स. पुढं त्याच ठेकेदार कंपनीचा एक माजी कर्मचारी गाडीत रेडिओ आणि लॅपटॉपसकट सापडला, पण तोवर सुमारे ८ लाख लिटर मैला बागांत, ओढ्यांत आणि एका मोठ्या हॉटेलच्या आवारात गेला होता.

तुमच्याकडंही रेडिओ मोडेम आहेत म्हणून ही युक्ती खास सांगितली. एक-दोन पत्ते मुद्दाम रिकामे ठेवा ज्यांच्याशी कोणीच कधी बोलायचं कारण नाही. त्यावर एक जरी मेसेज आला तरी तो तपासायचा, त्यात शंकेला जागाच नाही.

बाकी कंट्रोल नेटवर्कची एक मजा आहे की ते भयंकर कंटाळवाणं असतं, आणि पहारेकऱ्याला असंच नेटवर्क पाहिजे. ऑफिसच्या नेटवर्कवर कोण कुठं जाईल सांगता येत नाही. इथं एचएमआय तीच तीन पीएलसी दर सेकंदाला विचारतो, त्याच रजिस्टरांची (पीएलसीतल्या आकड्यांच्या कप्प्यांची) यादी, वर्षानुवर्षं. मॉडबस, म्हणजे या उपकरणांची एकमेकांशी बोलायची भाषा, १९७९ चा आहे, त्यात पासवर्डच नाही, पोर्ट ५०२ ला जो जोडला तो मालक. पण फंक्शन कोड उघडे दिसतात. ३ म्हणजे वाचणं, ५, ६, १५, १६ म्हणजे लिहिणं. आठवडाभर स्विचच्या मिरर पोर्टवरून (जिथं सगळ्या ट्रॅफिकची नक्कल मिळते) नुसतं ऐका आणि एक तक्ता बनवा की कोण कोणाशी बोलतो, कुठला कोड वापरतो, कुठल्या रजिस्टरला लिहितो, किती वेळानं. त्यासाठी नेटवर्क ऐकणारं सॉफ्टवेअर घ्या, झीक किंवा सुरिकाटा, दोन्ही फुकट आहेत आणि मॉडबस, डीएनपी३ (अशीच दुसरी भाषा) दोघांनाही कळतं. मग नियम असे: नवीन आयपी दिसला तर अलार्म, एचएमआय सोडून दुसऱ्या कोणी लिहिलं तर मोठा अलार्म, पीएलसीत प्रोग्राम डाउनलोड झाला किंवा तो स्टॉपला गेला तर साहेबांना फोन.

ऐका म्हणलं म्हणजे फक्त ऐकाच. एका कारखान्यात आयटीच्या उत्साही माणसानं दुपारी दोन वाजता सगळ्या नेटवर्कवर पोर्ट स्कॅन मारला, म्हणजे प्रत्येक उपकरणाची एकेक दारं ठोठावून बघितली, आणि एक म्हातारा पीएलसी जागेवर लटकला, बॅच वाया गेली. अटॅक शोधायला निघालेला माणूसच अटॅक ठरला. जुन्या उपकरणांना न विचारलेले प्रश्न विचारायचे नसतात.

एचएमआय सोडून दुसऱ्या कोणी लिहिलं तर मोठा अलार्म, हा नियम किती कामाचा आहे ते २०२४ च्या जानेवारीत युक्रेनच्या लविव्हमधे दिसलं. ऐन थंडीत ६०० हून जास्त इमारतींना गरम पाणी पुरवणाऱ्या सिस्टिमच्या कंट्रोलरना कोणीतरी मॉडबसच्या साध्या कमांड पाठवल्या, मोजमापं बिघडवली, आणि दुरुस्तीला जवळपास दोन दिवस गेले. फ्रॉस्टीगूप म्हणतात त्या मालवेअरला. त्यात काही जादू नाही, तोच जुना मॉडबस, तेच पोर्ट. अनोळखी ठिकाणाहून कंट्रोलरला लिहिलं गेलं की ओरडायचं, एवढा एक नियम अशा प्रकारापुरता पुरेसा असतो, अट एवढीच की कोणीतरी ऐकत बसलेलं पाहिजे.

पण तक्त्याचीही मर्यादा आहे. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमधेच तीन वीज वितरण कंपन्यांत ऑपरेटर बघतायत आणि स्क्रीनवर माउस आपोआप फिरतोय, एकेक ब्रेकर (वीज तोडणारा मोठा स्विच) उघडतोय. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात. तिथं कमांड खऱ्या एचएमआयवरून, खऱ्या लॉगिननं, खऱ्या प्रोटोकॉलमधे जात होत्या. नेटवर्कच्या तक्त्याला त्यात चूक सापडणार नाही. पण प्रोसेस माहीत असलेल्याला लगेच खटकेल, कारण शहाणा माणूस एकामागून एक इतके ब्रेकर उघडत नाही, आणि उघडलेच तर आधी फोनवर बोलतो. म्हणून कमांडचा वेगही मोजा. एका तासात किती सेटपॉइंट बदलले, मोठा बदल कोणत्या वेळी झाला, वर्क परमिट होतं का. आणि हे विसरू नका की ते लोक अटॅकच्या कितीतरी महिने आधीपासून आत होते, फिरत होते, शिकत होते. खरी पकडायची संधी तेव्हा होती. रात्री तीनला व्हीपीएनवरून व्हेंडरचं लॉगिन झालंय आणि व्हेंडर म्हणतो मी तर झोपलो होतो, हे शेवटच्या पाच मिनिटांतल्या कुठल्याही हुशार गणितापेक्षा मोलाचं आहे.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली होती ते. पुढं २०२१ च्या मार्चमधे राज्याच्या गृहमंत्र्यांनी महाराष्ट्र सायबरच्या अहवालाचा हवाला देऊन घातपाताची शक्यता बोलून दाखवली आणि केंद्रीय वीजमंत्री म्हणाले की मानवी चूक होती. मी त्या तपासात नव्हतो, त्यामुळं कोण बरोबर यावर बोलणार नाही. पण तुमच्या प्लांटमधे उद्या असंच झालं तर तुम्हीही याच वादात अडकणार, आणि तो मिटवायला लागतात वेळ जुळलेले लॉग. पीएलसी, एचएमआय, स्विच, फायरवॉल, रिले, सगळ्यांची घड्याळं एका टाइम सर्व्हरला बांधा. एकदा मी अख्खा दिवस या कोड्यात घालवलाय की पंप आधी बंद झाला आणि कमांड नंतर आली, हे कसं शक्य आहे. पीएलसीचं घड्याळ अकरा मिनिटं मागं होतं.

पीएलसीच्या प्रोग्रामची एक मूळ प्रत नेटवर्कच्या बाहेर ठेवा आणि महिन्यातून एकदा चालू प्रोग्रामशी ताडून बघा. इथं स्टक्सनेटची आणखी एक खोडी लक्षात ठेवायची. त्यानं इंजिनिअरिंग स्टेशनवरची पीएलसीशी बोलणारी फाइलच बदलली होती, त्यामुळं त्या मशीनवरून प्रोग्राम वाचला तर घुसवलेला भाग गाळून स्वच्छ प्रोग्राम दिसायचा. म्हणून ताडायचं काम रोजच्या मशीनवरून नाही, एरवी कपाटात कुलपात असणाऱ्या वेगळ्या लॅपटॉपवरून करायचं. कटकट आहे, मान्य.

आता तो मशीन लर्निंगचा बॉक्स. मी त्याच्या विरोधात नाही, पण विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा. पहिली, ट्रेनिंग कशावर झालंय? या क्षेत्रात सिंगापूरच्या एका विद्यापीठातल्या छोट्या पाणी शुद्धीकरण टेस्टबेडचा डेटा फार वापरतात, स्वॉट नावाचा, ११ दिवसांचा, त्यातले ७ दिवस साधे आणि ४ दिवस अटॅकचे, ५१ सेन्सर आणि ॲक्च्युएटर. उत्तम काम आहे, मीही त्यावर शिकलो. पण तिथं आपला पाऊस नाही. तुमचं मॉडेल जानेवारी ते मे शिकलं आणि जूनमधे पहिल्या पुराचं गढूळ पाणी आलं, टर्बिडिटी आभाळाला, तुरटीचा डोस वाढला, फिल्टर दर थोड्या वेळानं बॅकवॉशला, तर बॉक्स दिवसरात्र बोंबलणार आणि ऑपरेटर त्याचा आवाज बंद करून टाकणार. निदान एक अख्खं वर्ष, पावसाळ्यासकट, शिकल्याशिवाय त्याच्या हातात घंटा देऊ नका.

दुसरी, खोटे अलार्म दिवसाला किती? टक्क्यांत सांगू देऊ नका. दहा हजारात एक चूक म्हणजे फार भारी वाटतं ना? २०० टॅग, सेकंदाला एक रीडिंग, दिवसाचे ८६,४०० सेकंद, गुणून बघा, दिवसाला १,७२८ खोटे अलार्म. तीन शिफ्टमधे दोन-दोन माणसं असताना.

तिसरी, अलार्म आल्यावर तो काय सांगतो? ‘ॲनोमली स्कोअर ०.९३’ असं रात्री दोन वाजता वाचून ऑपरेटरनं करायचं काय? क्युसम सांगतो की टाकी दोनची लेव्हल गणिताशी जुळत नाहीये, जाऊन बघ. तो जाऊन बघतो.

आणि बघितल्यावर काय करायचं हे आधीच कागदावर लिहून पॅनेलला चिकटवलेलं पाहिजे. लोकल गेज बघायचा, स्क्रीनशी जुळत नसेल तर पंप लोकल मॅन्युअलवर घ्यायचा, कोणाला फोन करायचा तो नंबर. घाबरून सगळ्या केबल उपटायच्या नाहीत, पीसी फॉरमॅट मारायचा नाही, पुरावा तिथंच असतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, त्यामुळं कोण कळवणार हेही आधीच ठरवा, नाहीतर ते ६ तास ‘आधी मोठ्या साहेबांना विचारू’ यातच जातात.

बिघाड समजून सोडून देणं हा सगळ्यात मोठा धोका, आणि तो भल्याभल्यांना भोवलाय. २०१७ मधे सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल प्लांटमधे सेफ्टी सिस्टिमवर ट्रायटन नावाचं मालवेअर सापडलं. सेफ्टी सिस्टिम म्हणजे बाकी सगळं फसलं तर प्लांट सुरक्षित बंद करणारी शेवटची यंत्रणा, आणि नेमकी तीच कोणीतरी आतून पोखरत होतं. ऑगस्टमधे कंट्रोलर आपणहून ट्रिप झाले, अटॅकरच्या कोडमधली चूक नडली, म्हणून सापडलं. पण जूनमधेही तसाच एक ट्रिप झाला होता. तेव्हा बिघाड समजून प्लांट परत चालू केला गेला. मधले दोन महिने चोर घरातच.

त्या कंट्रोलरवर एक साधी चावी असते, रन आणि प्रोग्राम. चावी रनवर असती तर नवीन कोड आत टाकता आला नसता. ती प्रोग्रामवर तशीच राहिली होती. उद्या ड्यूटीवर गेलात की बॉक्सचं कोटेशन वगैरे बाजूला ठेवा, टॉर्च घ्या आणि तुमच्या सगळ्या पॅनेलमधल्या पीएलसींच्या चाव्या कुठल्या खुणेवर आहेत ते वहीत लिहून आणा. मी गेल्या खेपेला एका ठिकाणी हे केलं तेव्हा सातपैकी चार प्रोग्रामवर होत्या आणि एका पॅनेलमधे चावी फिरेचना, गंजून बसली होती.